मोहाचें फूल आणि द्राक्षाचा वेल

फाल्गुन सरत आला म्हणजे वैनगंगेच्या दोन्हीं तीरांवरील अरण्यांत मोहाचीं झाडें पानें गाळून उघडीं होतात आणि त्यांच्या शेंड्यांना फुलांचे घोस लागतात. हें फूल भर उन्हांत गळत नाहीं. रात्रीचा शेवटचा प्रहर लागला कीं तें टपटप खालीं येऊं लागतें. रंगानें फिकट पिवळें, अंगानें जाड, चवीनें गोड असें हें फूल वेचण्यासाठीं धानोरा, एटापल्ली, भामरागड, सिंदेवाही या भागांतील स्त्रिया व मुलें दिवस उजाडण्यापूर्वींच टोपल्या घेऊन रानांत जातात. वेचलेलें फूल अंगणांत पसरून कांहीं दिवस वाळवितात. वाळल्यावर तें तपकिरी होतें, मनुक्यासारखें दिसूं लागतें, आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग साखरेचा असतो.

मनुक्याची ही उपमा केवळ दिसण्यापुरती नाहीं. ग्रीस देशाच्या जीवनांत द्राक्षाला जें स्थान आहे, तेंच चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत मोहाला आहे. दोन्हीं ठिकाणीं तें प्रथम अन्न आहे आणि मग पेय आहे. दोन्हीं ठिकाणीं त्या पेयाचा पहिला थेंब देवाचा, दुसरा पूर्वजांचा आणि उरलेला माणसांचा, अशी वहिवाट होती. असें असतां ग्रीसमधील तांबडी द्राक्षमदिरा त्या देशाच्या अभिमानाचा विषय झाली, आणि मोहाचें मद्य मात्र पोलिसांच्या पंचनाम्यांत जाऊन बसलें. हें कां व्हावें? याचें उत्तर फुलाच्या किंवा फळाच्या रसांत सांपडत नाहीं. तें इतिहासांत शोधावें लागतें.

प्रथम ग्रीसकडे वळूं. त्या देशांतील द्राक्षाच्या रसाचा इतिहास लेखनकलेहून जुना आहे. उत्तरेस मॅसिडोनियांत डिकिली ताश या ठिकाणीं झालेल्या उत्खननांत द्राक्षें पिळून उरलेल्या सालींचे व बियांचे जळके अवशेष मिळाले असून ते ख्रिस्तपूर्व पांचव्या सहस्रकांतील आहेत. क्रीट बेटावरील वाथिपेत्रो येथें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचा द्राक्षें तुडविण्याचा हौद आजही पाहावयास मिळतो. तांबड्या मदिरेचा रंग रसाचा नसून सालीचा असतो. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा फिकटच निघतो. तो सालींसह कांहीं दिवस आंबूं दिला म्हणजे साल आपला रंग व तुरटपणा त्याला देते. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीनें द्राक्षें केव्हां तोडावीं हें नक्षत्रांच्या उदयावरून सांगितलें आहे. तोडलेलीं द्राक्षें दहा दिवस व दहा रात्री उघड्यावर ठेवावीं, मग पांच दिवस झांकावीं आणि सहाव्या दिवशीं रस भांड्यांत भरावा, असा त्याचा उपदेश आहे. अंगणांत मोह वाळविणाऱ्या गोंड गृहिणीला या उपदेशांत नवें असें कांहीं वाटलें नसतें.

परंतु ग्रीकांचें खरें वैशिष्ट्य मद्य तयार करण्यापेक्षां तें पिण्याच्या शिस्तींत होतें. मदिरेंत पाणी मिसळल्यावांचून ती ओठांस लावणें हें त्यांच्या दृष्टीनें रानटीपणाचें लक्षण होतें. मिश्रणासाठीं क्रेटर नांवाचें मोठें भांडें असे. आणि पाण्याचा व मदिरेचा मेळ किती असावा हें त्या दिवशींच्या बैठकीसाठीं नेमलेला प्रमुख ठरवी. होमरच्या महाकाव्यांत मेरॉन नांवाच्या पुरोहितानें ओडिसिअसला दिलेल्या मधुर तांबड्या मदिरेचें वर्णन आहे. ती इतकी तीव्र कीं एका मापास वीस मापें पाणी घालावें लागे. तीच मदिरा एकाक्ष राक्षसानें निर्जळ प्यायली आणि तिच्या गुंगींत आपला एकुलता एक डोळा गमावला. स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस यास वेड लागलें तें सिथियन लोकांच्या संगतींत निर्जळ मदिरा पिण्यास शिकल्यामुळें, असें स्पार्टाचे लोक म्हणत, हें हेरोडोटसनें नमूद करून ठेविलें आहे. या कथांचें तात्पर्य एकच: पेय देवाचें असलें तरी माप माणसांचें आहे, आणि तें माप एकट्यानें नव्हे तर समाजानें ठरवावयाचें आहे.

या मापाच्या पाठीशीं कायदाही उभा होता. एजियन समुद्राच्या उत्तर भागांतील थासोस हें बेट मदिरेसाठीं फार प्रसिद्ध होतें. तेथें ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत दगडावर कोरलेले कायदे सांपडले आहेत. त्यांतील एक कलम असें कीं, वेलीवर असलेल्या द्राक्षांचा सौदा ठराविक तिथीच्या आधीं कोणीं करूं नये. दुसरें असें कीं, थासोसच्या जहाजांनीं परक्या मुलखाची मदिरा आपल्या किनाऱ्यावर आणूं नये. पहिल्या कलमाचा अर्थ ध्यानांत घेण्यासारखा आहे. पीक हातीं येण्यापूर्वीं पैशाची नड असलेल्या शेतकऱ्याकडून तें स्वस्तांत लिहून घेणारा व्यापारी त्या काळींही होता, आणि राज्यानें आपलें बळ शेतकऱ्याच्या बाजूस लाविलें होतें. ही गोष्ट पुढें चांद्याच्या अरण्याकडे येतांना लक्षांत ठेवली पाहिजे.

ग्रीकांचा आणि भारतवर्षाचा संबंध आला तेव्हां त्यांच्या मदिरेचाही आला. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारीं आलेल्या मेगॅस्थेनीसनें भारतीय लोक यज्ञप्रसंग सोडून मद्य पीत नाहींत व त्यांचें पेय तांदळापासून होतें, असें लिहून ठेविलें. त्याचें हें विधान सर्वांना लागू नव्हतें हें कौटिल्याच्या अर्थशास्त्रावरून दिसतें. त्यांत सुराध्यक्ष या अधिकाऱ्याचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे प्रकार तेथें सांगितले असून त्यांतील मधु म्हणजे द्राक्षाचें मद्य होय. त्याला कापिशायन असें देशवाचक नांवही दिलें आहे. कापिशी हें आजच्या काबूलच्या उत्तरेकडील नगर. पाणिनीच्या व्याकरणांतही त्याचा उल्लेख येतो. पुढें ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक नाविकानें लिहिलेल्या प्रवासवृत्तांत भडोच बंदरांत येणाऱ्या मालांत इटलीच्या मदिरेचा मान पहिला दिला आहे. महाराष्ट्रांत तेर व नेवासें येथें मदिरेच्या दुकानी रांजणांचीं खापरें मिळालीं आहेत, आणि पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथें तर ग्रीसच्या कॉस बेटाच्या धर्तीचे रांजण निघाले. म्हणजे समुद्र ओलांडून आलेलें द्राक्षमद्य दक्षिणेंतील धनिकांना ठाऊक होतें.

पण तें धनिकांचें पेय होतें. अरण्यांतील माणसाला समुद्रापलीकडून कांहीं मागविण्याची गरज नव्हती. त्याचा रांजण त्याच्या डोक्यावर फांदीला लटकत होता. संस्कृतांत या झाडाला मधूक म्हणतात. मनुस्मृतींत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन भेद सांगितले आहेत. त्यांतील माध्वी म्हणजे मधूकपुष्पांची, असा अर्थ कांहीं पंडितांनीं केला आहे. तेलुगूंत मोहाला इप्प आणि तामिळांत इलुप्पै म्हणतात. गोंडी भाषेंतील त्याचें नांव त्याच कुळांतील आहे. शब्दांची ही सोयरीक पाहिली म्हणजे गोदावरीच्या दोन्हीं तीरांवर हें झाड किती जुन्या काळापासून माणसाच्या संसारांत आहे याची कल्पना येते.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. द्राक्षाचा रस आंबवून मदिरा होते. तिला विस्तव लागत नाहीं. मोहाचें फूल प्रथम पाण्यांत भिजवून कांहीं दिवस आंबवितात आणि मग तें ऊर्ध्वपातनानें गाळतात. चुलीवर आंबलेल्या फुलांचें मडकें, त्यावर दुसरें भांडें, वाफ वाहून नेणारी पोकळ वेळूची नळी आणि वाफ थंड करण्यासाठीं गार पाणी, एवढ्यावर भट्टी चालते. आरंभीं जी धार येते ती सर्वांत कडक. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठींत यावरूनच आला. ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे याविषयीं वाद आहे. तक्षशिला आणि पेशावरजवळील शैखान ढेरी येथें मिळालेल्या मातीच्या भांड्यांवरून, ख्रिस्तपूर्व काळाच्या अखेरीस गांधार देशांत मद्य गाळण्याची कला होती असें मत ऑलचिन या पुरातत्त्वज्ञानें १९७९ सालीं मांडलें. सर्वांनीं तें मान्य केलेलें नाहीं. परंतु गांधार हीच ती भूमि, जेथें यवन राजांचें राज्य होतें आणि जेथील शिल्पांत द्राक्षाचे वेल व पानोत्सव कोरलेले आहेत. गाळलेलें मद्य आंबविलेल्या मद्याहून कितीतरी तीव्र असतें. म्हणून मापाची जी गरज ग्रीकांना भासली, ती मोह गाळणाऱ्या समाजाला अधिकच असावयास हवी.

आणि तशी ती होती. गोंड व माडिया लोकांत नवीन फळ, नवीन धान्य, नवीन फूल देवाला दिल्याविना तोंडांत घालीत नाहींत. या नव्याच्या सणांना माडिया लोक पंडुम म्हणतात. मोह गाळला तर तो जन्म, सोयरीक, लग्न, मृत्यु आणि देवकार्य या प्रसंगांसाठीं. पिण्यापूर्वीं कांहीं थेंब भूमीवर सांडून पूर्वजांना देणें हा सर्वत्र शिष्टाचार होता. सोयरीक जमली तर ती मोहाच्या साक्षीनें, आणि जातपंचायतीनें दंड केला तर तोही पुष्कळदां मोहाच्या रूपानें, आणि तो सर्वांनीं मिळून प्यावयाचा. भामरागडच्या बाजूस गोरगा नांवाच्या माडाचा रस काढतात, कोठें ताडी व शिंदी काढतात. पण गोरग्याचें व ताडीचें झाड मिळेलच असें नाहीं, मोह मात्र गांवोगांव आहे. दुष्काळांत याच मोहानें माणसें जगविलीं. फुलें भाजून, शिजवून, कुटून खातात. फळांतील टोळंबीचें तेल काढून दिव्याला आणि खाण्याला वापरतात. म्हणून शेतासाठीं रान तोडतांनाही मोहाचें झाड राखून ठेवण्याची रीत पडली. मद्य हा या झाडाच्या अनेक उपयोगांपैकीं एक उपयोग होता, आणि त्या उपयोगालाही तिथि, प्रसंग व साक्षीदार यांची मर्यादा होती.

ही मर्यादा म्हणजे सारें सत्ययुगच होतें, असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. प्रसंगानें प्यालेला माणूसही भांडतो, आणि मर्यादा मोडणारे प्रत्येक गांवांत असतात. प्रश्न मर्यादा मोडली जात होती कीं नाहीं हा नसून ती घालून देण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा आहे. ग्रीसमध्यें तो नगरसभेकडे होता. येथें तो गांवच्या भूमियाकडे, वडीलधाऱ्या मंडळींकडे आणि घरांत मोह वेचून ठेवणाऱ्या स्त्रीकडे होता.

हा अधिकार एकोणिसाव्या शतकांत हिरावला गेला. चांद्यांतील गोंड राजांचें राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांकडे गेलें, पण अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांतील अरण्यांत कोणाचा फारसा हात पोहोंचला नाहीं. १८५३ सालीं तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनीं नागपूरचें राज्य खालसा केलें. १८५८ सालीं मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यानें केलेला उठाव मोडून काढून त्याला त्याच वर्षीं चांद्याच्या तुरुंगांत फांशी देण्यात आलें. १८६१ सालीं मध्यप्रांत अस्तित्वांत आला. त्यानंतर अरण्य हें वनखात्याचें झालें आणि त्यांतील मोहाचा रस हा अबकारी खात्याचा झाला.

योगायोग असा कीं, त्याच १८६१ सालीं ग्रीसमध्यें पात्रास शहराजवळ गुस्ताव क्लाउस नांवाच्या बव्हेरियन गृहस्थानें मदिरेचा एक मोठा कारखाना काढला. काळ्या मावरोदाफ्नी द्राक्षांची त्याची गोड तांबडी मदिरा युरोपांत नांवाजली. शतकानुशतकें तुर्कांच्या अमलाखालीं राहून नुकताच स्वतंत्र झालेला तो देश होता. तेथील सत्तेला द्राक्षाच्या मळ्यांत आपल्या राष्ट्राचें नांव दिसलें; येथील सत्तेला मोहाच्या झाडांत उत्पन्नाची बाब दिसली.

अबकारीची रीत अशी होती. ठराविक टापूंतील मद्य गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावांत मक्तेदाराला द्यावयाचा, आणि त्याच्या भट्टीखेरीज इतर सर्व भट्ट्या बेकायदा ठरवावयाच्या. पुढें भट्ट्या एकत्र करून मोठ्या मध्यवर्ती कारखान्यांत मद्य गाळण्याची पद्धति आली. १९१५ सालीं मध्यप्रांताचा स्वतंत्र अबकारी कायदा झाला. मुंबई इलाख्यांत तर १८९२ सालीं खास मोहाच्या फुलांसाठींच कायदा करून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत तीं बाळगण्यावरही निर्बंध घातले गेले. येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे: सरकारला मोहाचें मद्य नको होतें असें नाहीं. मध्यप्रांतांतील मक्तेदार जें देशी मद्य विकीत तें मुख्यत्वें मोहाचेंच असे. नको होतें तें घरीं गाळलेलें मद्य, कारण त्यावर कर बसत नसे. घरच्या मोहाला प्रसंग लागे. मक्तेदाराच्या दुकानाला प्रसंग लागत नाहीं, तें रोज उघडें असतें. प्रसंगाला एकदां पिणारा माणूस दुकानाच्या कामाचा नसतो. ज्याला मक्त्याची रक्कम भरावयाची आहे त्याला रोजचा गिऱ्हाईक पाहिजे. अशा रीतीनें जें पेय समाजाच्या मापांत होतें तें बाजाराच्या मापांत आलें.

यांत दुसरा एक घाटा होता. घरांत गाळण्यास बंदी, म्हणून वेचलेलें फूल चैत्र-वैशाखांत व्यापाऱ्याला स्वस्त द्यावयाचें. आणि पावसाळ्यांत धान्य संपलें म्हणजे खाण्यासाठीं तेंच फूल त्याच्याकडून चढ्या भावानें घ्यावयाचें. थासोसच्या कायद्यानें जो सौदा अडविला, त्याच जातीचा सौदा चांद्याच्या अरण्यांत कायद्याच्या सांवलींत वाढला.

स्वराज्याच्या चळवळीनें मद्यपानाविरुद्ध आवाज उठविला तो या पार्श्वभूमीवर. १९२२ सालीं सुरतेकडील, तसेंच नाशिक-ठाण्याच्या सरहद्दीवरील आदिवासींनीं देवीचा आदेश म्हणून मद्य सोडलें. तेव्हां त्यांचा रोष मद्याइतकाच मद्याच्या दुकानदारावर होता. १९३७ सालीं प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळें आलीं आणि १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि विदर्भ मुंबई राज्यांत आल्यावर १९५९ सालीं तो येथेंही लागू झाला. पुढें बंदी सैल झाली. १९७३ सालीं देशी दारूचे नियम झाले आणि उसाच्या मळीपासून कारखान्यांत तयार होणारी दारू परवान्याच्या दुकानांतून मिळूं लागली. परिणामीं अशी चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली कीं, दूरच्या साखर कारखान्याच्या मळीचें मद्य अरण्यांतील गांवांत कायदेशीर ठरलें, आणि त्याच गांवच्या झाडाखालीं वेचलेल्या फुलाचें मद्य गुन्हा ठरलें. थासोसच्या लोकांनीं परक्या मदिरेला किनारा बंद केला होता. येथें परक्यालाच दार उघडें होतें.

ग्रीसमध्यें याच सुमारास काय घडलें? १९७१ सालीं तेथील सरकारनें मदिरेच्या प्रदेशांना कायद्यानें नांवाचें संरक्षण देण्यास प्रारंभ केला. उत्तरेकडील नाउसा येथील मदिरा झिनोमाव्रो या द्राक्षाचीच असली पाहिजे. झिनोमाव्रो म्हणजे ‘आंबट काळें’. दक्षिणेकडील नेमिआ येथील मदिरा आयोर्यीतिको, म्हणजे संत जॉर्जच्या नांवाच्या, द्राक्षाचीच असली पाहिजे. गांवाचें नांव, द्राक्षाची जात आणि शेतकऱ्याचा हक्क यांची सांगड घातली गेली. परक्या द्राक्षांच्या जाती जगभर पसरत असतां ग्रीसनें आपल्या डोंगरांतील जुन्या जाती जपल्या आणि त्यांवरच आपली कीर्ति उभारली.

तिकडे हें होत असतां इकडे २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्याचें विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. परवान्याच्या दुकानांनीं आणि चोरट्या भट्ट्यांनीं गांवें पोखरलीं होतीं. मजुरीचा पैसा दुकानांत जाई, आणि मार घरच्या बाईला बसे. १९८७ च्या सुमारास या जिल्ह्यांत दारूमुक्तीची चळवळ सुरू झाली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था तींत होती. पण तिचा कणा गांवोगांवच्या स्त्रिया होत्या. त्यांनीं ग्रामसभांतून ठराव केले, भट्ट्या फोडल्या, मोर्चे काढले. १९९३ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आली, आणि ती आजही आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील स्त्रियांनीं ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेच्या नेतृत्वाखालीं तीच मागणी केली. १९४२ च्या आंदोलनानें गाजलेल्या चिमूर गांवाहून २०१० सालीं हजारों स्त्रिया पायीं नागपुरास विधानभवनापर्यंत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तो जिल्हाही कोरडा झाला. परंतु चोरटी दारू व गुन्हे वाढल्याचें कारण देऊन २०२१ सालीं तेथील बंदी उठविण्यात आली. दोन सख्खे शेजारी जिल्हे. वैनगंगेच्या एका तीरावर बंदी, दुसऱ्या तीरावर दुकान.

शहरांतील सुशिक्षित माणसाला या स्त्रियांची मागणी परंपरेच्या विरुद्ध वाटण्याचा संभव आहे. पहाटे उठून मोह वेचणारी तीच, देवाला मोहाचा थेंब देणारी तीच, आणि बाटली फोडणारीही तीच, यांत विसंगति दिसते. वस्तुतः विसंगति नाहीं. तिनें देवाच्या थेंबाविरुद्ध बंड केलें नाहीं. मापाविना वाहणाऱ्या धारेविरुद्ध बंड केलें. जें माप एकेकाळीं तिच्या हातीं होतें, तें मक्तेदारानें, मग परवानेदारानें आणि मग चोरट्या विक्रेत्यानें तिच्या हातून काढून घेतलें. तें परत मिळविण्याचा जो मार्ग तिला दिसला, तो तिनें धरला. तिच्या मागणीला जुन्या रूढीचा द्रोह म्हणणाऱ्यानें प्रथम तिच्या घराची रात्र पाहावी.

अलीकडे वाऱ्याची दिशा पुन्हा बदलली आहे. महाराष्ट्रानें २००१ सालीं द्राक्षावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगासाठीं धोरण आखलें, आणि नाशिकच्या मळ्यांतील तांबडी मदिरा प्रतिष्ठितांच्या मेजावर आली. गोव्याच्या काजूफेणीला २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आणि २०१६ सालीं तेथील सरकारनें तिला वारसा-पेय म्हणून गौरविलें. मध्यप्रदेशानें २०२२ सालीं मोहाच्या मद्याला वारसा-मद्याचा दर्जा देणारें धोरण आणलें. महाराष्ट्रानेंही २०२१ सालीं मोहाचीं फुलें गोळा करणें, साठविणें व वाहून नेणें यांवरील जुने निर्बंध उठविले. फूल मोकळें झालें ही न्यायाची गोष्ट झाली. तें बाळगणें हा गुन्हा ठरावा असें त्यांत कधींच कांहीं नव्हतें. फुलाचे लाडू, सरबत, मुरंबे करण्याचे उद्योगही बचतगटांनीं आरंभिले आहेत. पण वारसा हा शब्द उच्चारणें सोपें आहे. ज्या दिवशीं बाटलीवर सुंदर चिठ्ठी लागेल त्या दिवशीं फूल वेचणारीला काय मिळेल, आणि तिच्या गांवांत दुकान उघडावें कीं नाहीं हें कोण ठरवील, या दोन प्रश्नांचीं उत्तरें चिठ्ठीवर नसतात.

या प्रश्नांचें एक उत्तर कायद्याच्या पुस्तकांत आधींच लिहिलेलें आहे. १९९६ सालीं संसदेनें अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीं जो कायदा केला, त्यांत मादक पदार्थांवर बंदी घालणें अथवा त्यांची विक्री व सेवन नियंत्रित करणें हा अधिकार, तसेंच गौण वनोपजाची मालकी, ग्रामसभेच्या व पंचायतीच्या हातीं असावी असें सांगितलें आहे. म्हणजे फूलही गांवाचें आणि मापही गांवाचें. गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा हें एक लहान गोंड गांव आहे. २००९ सालीं त्या गांवाला सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते. तेथें निर्णय बहुमतानें न घेतां सर्वसंमतीनें घेतात, आणि एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसून बोलतात. या हक्काच्या कितीतरी आधीं, गांवाची ही रीत घडत असतां, तेथें जे प्रश्न प्रथम चर्चेला आले त्यांत दारूचा प्रश्न होता. आणि तो बाहेरच्या शिपायानें नव्हे, गांवानेंच बसून सोडविला.

प्राचीन ग्रीक बैठकींत मिश्रणाचें माप ठरविणारा माणूस बैठकींतलाच असे, बाहेरचा नसे. थासोसचा कायदा करणारे लोक थासोसचेच होते. ग्रीसच्या द्राक्षवेलाला जो मान मिळाला त्याचें रहस्य वेलींत जितकें आहे तितकेंच या गोष्टींत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत मोहाचें झाड अजून उभें आहे. चैत्रांत फूल आजही पहाटेच गळतें. त्याचें अन्न करावें, तेल करावें, सरबत करावें कीं मद्य करावें, आणि मद्य केलें तर तें कोणत्या दिवशीं व किती, हें ठरविण्याची शहाणीव त्या लोकांजवळ फार पूर्वींपासून आहे. दीडशें वर्षें तो निर्णय इतरांनीं केला आणि त्याचीं फळें सर्वांनीं पाहिलीं. आतां तो ज्यांचा त्यांना, विशेषतः ज्या हातांनीं तें फूल वेचलें जातें त्या हातांना, परत दिला गेला पाहिजे. मग एखाद्या गांवानें पंडुमापुरता मोह ठेविला, किंवा दुसऱ्यानें एक थेंबही नको म्हटलें, तरी दोन्हीं निर्णय सारखेच आदरणीय ठरतील.